बहाई स्टडी सर्कल: पुस्तक बेताचं, माणसं ऐकण्यासारखी

स्टडी सर्कल म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणमध्ये सुरू झालेल्या बहाई धर्माचा अभ्यासवर्ग; मी त्याचं पहिलं पुस्तक करून आले. आधी व्यवहाराचं सांगते, कारण विचारणारे पहिल्यांदा तेच विचारतात. फी नाही. दाराशी देणगीची पेटी नाही. मी बहाई नाही, त्यामुळे द्यायचं म्हटलं तरी माझे पैसे बहाई निधीत घेतले जाणार नाहीत. तो निधी फक्त बहाईंच्याच देणग्यांवर चालतो आणि हा नियम सगळ्या जगात एकच आहे. धर्म बदला असं कोणी म्हटलं नाही, कुठला फॉर्म पुढे सरकवला नाही, एखाद्या वेळी गेले नाही म्हणून जाब विचारला नाही. वर्ग कोणाच्या तरी घरी भरतो. शिकवायला पुजारी, पाद्री, मौलवी असं कोणी नसतं, कारण बहाई धर्मात पुरोहितवर्गच नाही. वर्ग चालवणाऱ्याला ट्यूटर म्हणतात आणि तो हीच पुस्तकं आधी करून आलेला असतो, एवढीच त्याची पात्रता. संशयाने गेलेल्या माणसाला चिडायला जागा मिळत नाही, हीच पहिली पंचाईत.

आता माझ्याबद्दल थोडं, म्हणजे पुढचं मत कुठल्या कानांनी बनलंय ते कळेल. मी कोर्टात लघुलेखिका होते. नोकरीभर लोकांच्या साक्षी उतरवून घेतल्या. त्या कामाने एक खोड लागते: समोरचा काय बोलतोय त्यापेक्षा काय गाळतोय तिकडे लक्ष जातं. श्रद्धेची साक्ष हा प्रकार तर मला मुळीच मानवत नाही. मी अंधारात होतो, मग प्रकाश दिसला, आता सगळं उत्तम आहे. कुठल्याही पंथात जा, कुठल्याही बुवाकडे जा, हीच तीन वाक्यं. नावं तेवढी वेगळी. ऑफिसातली माझी एक जुनी मैत्रीण बहाई आहे. ती कित्येक वर्षं बोलवत होती आणि मी टाळत होते. निवृत्त झाल्यावर सबबी संपल्या.

अभ्यासक्रमाला रूही म्हणतात. तो मूळचा कोलंबियातला. १९७० च्या दशकात तिथल्या खेड्यापाड्यांत काम करताना आकाराला आला आणि पुढे देशोदेशी, अनेक भाषांत गेला. पहिल्या पुस्तकाचे तीन भाग आहेत: बहाई लिखाण समजून घेणं, प्रार्थना, आणि जीवन व मृत्यू. रीत अशी की धर्माचे संस्थापक बहाउल्लाह किंवा त्यांचे पुत्र अब्दुल-बहा यांचं एखादं वचन मोठ्याने वाचायचं, त्याखालचे प्रश्न सोडवायचे, मग बोलायचं, आणि जमलं तर वचन पाठ करायचं. अगदी सुरुवातीला एक वचन येतं. त्याचा आशय असा की जगाचं भलं शुद्ध आणि चांगल्या कृत्यांनी, प्रशंसनीय आचरणाने साधतं. आणि त्याखाली प्रश्न: जगाचं भलं कशाने साधतं? मी पेन खाली ठेवलं. शेजारी एम. ए. झालेली मुलगी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघींनी मुकाट्याने वरचं वाक्य खाली उतरवलं.

अशा प्रश्नांमागे काय डोकं असावं ते पुढे आपोआप दिसलं. आमच्यात एक आजोबा होते, शाळा फारशी न झालेले. पहिल्या बैठकीत सगळ्यात आधी उत्तर त्यांनी दिलं. उत्तर समोरच लिहिलेलं असल्यामुळे कोणी गप्प बसत नाही आणि कोणाला विद्वत्ता पाजळायलाही वाव राहत नाही. हे मान्य. तरी निम्म्या पुस्तकानंतर कंटाळा येतो तो येतोच. ज्यांना धर्मग्रंथाशी दोन हात करायची सवय आहे, वाद घातल्याशिवाय ज्यांना अर्थ लागत नाही, त्यांनी तयारी ठेवून जावं. पुस्तक म्हणून मी याला बेताचे गुण देईन.

पण पुस्तकासाठी जायचंच नाही. प्रश्न सोडवता सोडवता कोणीतरी ‘माझ्या बाबतीत काय झालं’ असं म्हणून बोलायला लागतं. तिथे पेन बाजूला ठेवायचं.

हे बहाई लोक स्वतःची गोष्ट सांगतात ती मी ऐकलेल्या बाकी साक्षींसारखी का नाही, याचा उलगडा मला हळूहळू झाला. त्यांच्या गोष्टींवर नियमांचाच चाप आहे. बहाउल्लाहांनी माणसाने माणसापुढे पापांची कबुली देण्याला मनाई केली आहे. क्षमा मागायची ती देवाकडे, एकांतात. त्यामुळे ‘मी किती वाया गेलो होतो’ हा अशा गोष्टींचा सगळ्यात रंगणारा भागच इथे गायब. बहाईंना दारू वर्ज्य आहे. आमच्यात एक गृहस्थ होते, ते या विषयावर एवढंच म्हणाले, ‘‘आधी घेत होतो, आता घेत नाही.’’ आणि पुढचं वचन वाचायला लागले. दुसऱ्या कुठल्या सत्संगात या एका मुद्द्यावर पाऊण तास सहज गेला असता.

खलनायकही नसतो. पहिल्या पुस्तकातच पाठीमागे निंदा करण्यावर धडा आहे. निंदेने हृदयातला प्रकाश विझतो, असं बहाउल्लाहांचं म्हणणं, आणि ही माणसं ते चांगलंच मनावर घेतात. धर्म स्वीकारल्यावर ज्या सासूने अबोला धरला ती सासू गोष्टीत येते, पण ‘त्यांना वेळ लागला’ एवढ्या तीन शब्दांपुरती. ज्या भावाने घरी येणं बंद केलं त्याच्या मुलांच्या शाळेतल्या प्रगतीचं कौतुक ऐकायला मिळतं. साक्षीदार आरोपीचं नावच घेत नाही म्हटल्यावर खटला उभा कसा राहणार? मला सुरुवातीला हे फार गुळमुळीत वाटलं.

आणखी एक म्हणजे, स्वतःचा धर्म सांगावा, पण तो कोणाच्या गळ्यात मारू नये, अशी शिकवण आहे. म्हणजे ‘तुम्हीही या’ हा शेवटही कापला गेला.

एवढं सगळं वजा केल्यावर काय उरतं? उरतात रोजच्या सवयी, कागदपत्रं, तारखा, परवानग्या. आणि माझ्यासारखीला नेमकं तेच हवं असतं. म्हणून कोणी जाणार असेल तर माझा सल्ला हा की ‘तुमचा विश्वास कसा बसला’ असं विचारू नका. त्यावर घासून गुळगुळीत झालेलं उत्तर येतं. ‘त्यानंतर काय अडचण आली’ हे विचारा. आणि उत्तर आलं की थांबू नका, लगेच दुसरा प्रश्न विचारा. खरी गोष्ट दुसऱ्या प्रश्नावर सुटते.

माझ्या मैत्रिणीचंच घ्या. इतकी वर्षं एका कचेरीत काढली, एका पंख्याखाली बसलो, आणि तिचं लग्न उशिरा का झालं हे मला या वर्गात कळलं. बहाई विवाहाला वधू आणि वर दोघांच्या हयात असलेल्या सगळ्या आईवडिलांची संमती लागते. आईवडील बहाई असोत किंवा नसोत, लेक विशीतली असो नाहीतर पन्नाशीतली. लग्न ठरवायचं मात्र त्यांनी नाही. एकमेकांची निवड मुलामुलीने स्वतः करायची आणि मग संमती मागायची. हिने निवड केली. वडील बहाई नव्हते, त्यांनी नाही म्हटलं. बाई सज्ञान, कमावती, कायदा तोंडपाठ. मी विचारलं, ‘‘नोंदणी करून मोकळी का नाही झालीस?’’ ती म्हणाली, ‘‘झाले असते तर लग्न झालं असतं. बहाई लग्न झालं नसतं.’’

हे उत्तर ठीक होतं, पण पाठ केल्यासारखं होतं. म्हणून दुसरा प्रश्न: ‘‘मग त्या वर्षांत तू केलंस काय?’’ तर म्हणे, दर रविवारी वडिलांकडे जायची. लग्नाचा विषय काढायची नाही. ते वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचे, ही शेजारी बसून आडवे शब्द द्यायची आणि उभे त्यांच्यासाठी ठेवायची. रडारड नाही, उपास नाही, मध्यस्थ नाहीत. ‘‘आणि समजा त्यांनी कधीच हो म्हटलं नसतं तर?’’ ‘‘तर आज मी तुझ्यासारखी एकटी असते,’’ ती म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला, मी धरून.

शेवटी वडिलांनी संमतीपत्र दिलं. खाली सही होती, तारीख नव्हती. संमती खरोखर मिळाली आहे याची खातरजमा स्थानिक आध्यात्मिक सभेने करायची असते; बोलताना हे लोक तिला असेंब्ली म्हणतात. असेंब्लीने तारीख घालून पत्र परत मागितलं. वडील जन्मभर कारकुनी केलेले. धर्माची सगळी शिकवण ऐकून जे झालं नव्हतं ते या एका गोष्टीने झालं. लेकीला म्हणाले, ‘‘काम चोख दिसतंय यांचं.’’

असेंब्लीवरून आठवलं. ही नऊ जणांची सभा दरवर्षी एप्रिलमध्ये रिझवान या बहाई सणाच्या पहिल्या दिवशी निवडली जाते. कोणी उभं राहत नाही, कोणी प्रचार करत नाही, नावं सुचवायचीसुद्धा नाहीत. प्रत्येकाने प्रार्थना करून गुप्तपणे नऊ नावं लिहायची. कोर्टात निवडणुकांच्या याचिका टाइप करून बोटं दुखलेली मी. उमेदवारच नसलेली निवडणूक ऐकून मला आधी हसू आलं, नंतर थोडा हेवा वाटला. आमच्यातले एक जण निवडून आल्याचं त्यांना फोनवर कळलं. प्रतिक्रिया काय होती म्हणाल तर, ‘‘अरे देवा, आता दर आठवड्याची मीटिंग.’’

वर्गातली सगळ्यात जड गोष्ट एका इराणी बाईंची. त्या इंग्रजीत बोलायच्या, मैत्रीण मराठी करून सांगायची. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये बहाई मुलांना विद्यापीठांची दारं बंद झाली आणि बहाई प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा १९८७ मध्ये बहाईंनी स्वतःचीच उच्च शिक्षण संस्था काढली. तिला इमारत नव्हती. काढून टाकलेले प्राध्यापक, घरांच्या बैठकीच्या खोल्या, आणि टपालाने फिरणाऱ्या नोट्स. १९९८ मध्ये धाडी पडल्या, शेकडो घरांची झडती झाली, सामान जप्त झालं; २०११ मध्ये पुन्हा तेच. या बाई तिथे रसायनशास्त्र शिकल्या. मी विचारलं, ‘‘घरात रसायनशास्त्र म्हणजे नेमकं कसं?’’ तेव्हा कुठे त्या खुलल्या. काचेची उपकरणं एका घरी, तराजू दुसऱ्या घरी कपाटात साड्यांसारख्या घडी घातलेल्या चादरींमागे. प्रयोग कधी करायचा हे तराजूवाल्या घरी पाहुणे असतील की नाही यावर ठरायचं. सगळ्यांनी एकदम आत जायचं नाही, एकदम बाहेर पडायचं नाही. त्यामुळे शेवटचा विद्यार्थी पोहोचेपर्यंत पहिल्याचा अभ्यास संपत आलेला असायचा.

आता उलटतपासणी. त्या काळी प्रवेशपरीक्षेच्या अर्जावर धर्माचा रकाना असायचा. इराणमध्ये मान्यता असलेले धर्म चार: इस्लाम, ख्रिस्ती, ज्यू आणि जरथुष्ट्री. त्यातल्या एकावर खूण केली की सरकारी विद्यापीठ खुलं. मी म्हटलं, ‘‘एवढी एक खूण का नाही केलीत? देवाला खरं ठाऊकच होतं ना?’’ वर्गात जरा चुळबुळ झाली. बाईंना राग आला नाही. त्या म्हणाल्या, शिराझमध्ये १८ जून १९८३ या दिवशी दहा बहाई स्त्रियांना फाशी दिलं. सर्वांत लहान मोना महमूदनिझाद, सतरा वर्षांची. लहान मुलांचे धर्मवर्ग घेणं हाही तिचा गुन्हा होता. श्रद्धा नाकारा आणि घरी जा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ‘‘त्यांनी ते तुरुंगात केलं नाही. मी घरी बसून पेनाने करायचं?’’ मैत्रिणीला याचं मराठी करायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

मी पुढचा प्रश्न विचारला नाही. विचारण्यासारखं होतं: या निर्णयाचा कधी पश्चात्ताप झाला का? इथे मात्र आमच्या ट्यूटरांनी घड्याळ पाहिलं आणि ‘‘सुंदर, आता पुढचा परिच्छेद’’ म्हटलं. ट्यूटर सज्जन आहेत, वेळ पाळतात, कोणाला हिणवत नाहीत. पण गोष्ट तापायला लागली की त्यांना पानं संपवायची घाई होते. असं पुन्हा पुन्हा झालं. वर्ग निवडताना ट्यूटर कोण आहे हे आधी बघा, एवढंच सांगेन.

या धर्माची सुरुवातच अशा एका उलटतपासणीने झाली, हे मला पुस्तकाच्या बाहेर, बोलण्याबोलण्यात कळलं. २२ मे १८४४ ची संध्याकाळ, शिराझ. मुल्ला हुसेन नावाचा धर्मशास्त्राचा विद्यार्थी, ज्याच्या येण्याचं भाकीत होतं त्या माणसाच्या शोधात फिरत होता. चोविशीतला एक व्यापारी, सय्यद अली मुहम्मद, त्याला स्वतःच्या घरी घेऊन गेला आणि त्या रात्री ‘तो मीच’ असं त्याने सांगितलं. हेच बाब, बहाउल्लाहांच्या आधीचे; बहाई त्यांनाही देवाचा दूत मानतात. मुल्ला हुसेनने ऐकलं आणि मान डोलावली असं झालं नाही. त्याने मनाशी कसोट्या ठरवून आणल्या होत्या. आणखी सतरा जण आपापल्या वाटेने आले, तोवर ही बातमी कोणाला सांगायची परवानगी नव्हती. या अठरा जणांत एकच स्त्री, ताहिरा. ती कवयित्री होती, आणि बाबांना ती कधी भेटलीच नाही. पत्राने तिची श्रद्धा कळवली गेली. ‘अमक्याने सांगितलं म्हणून’ ही सूट पहिल्या अठरांनाही नव्हती, आणि बहाईंचा सत्याचा स्वतंत्र शोध घेण्यावर जो एवढा भर आहे तो इथून सुरू होतो. बाबांना १८५० मध्ये तबरीझमध्ये गोळ्या घातल्या. ताहिरेला दोन वर्षांनी तेहरानमध्ये मारलं.

हा स्वतंत्र शोध नुसता तोंडी लावायला आहे की खरा, हे मला तपासायचं होतं. साक्षीदार वर्गातच मिळाला. बहाई घरातला एक मुलगा. बहाई आईबापांच्या पोटी जन्मलं म्हणून काम भागत नाही. पंधराव्या वर्षी आध्यात्मिकदृष्ट्या सज्ञान मानतात, आणि मग आपण बहाई आहोत की नाही हे ज्याचं त्याने सांगायचं. पंधरापासूनच रोजची प्रार्थना आणि मार्चमधला एकोणीस दिवसांचा उपवास सुरू होतो: सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काही खायचं-प्यायचं नाही. हा मुलगा पंधरा ओलांडून बराच पुढे गेलाय, कॉलेजात आहे. म्हणाला, ‘‘मी अजून डिक्लेअर केलेलं नाही.’’ त्याची आई समोर बसली होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती पुस्तकात बघत होती, पण कान इकडे होते. ‘‘का नाही?’’ ‘‘प्रार्थना आवडते. उपवास केलाय. पण मला हे खरंच पटलंय, का नुसती याची सवय आहे, ते कळत नाहीये.’’ कोणी ‘‘कळेल हं बाळा’’ म्हटलं नाही. कोणी सुस्कारा सोडला नाही. आजोबा म्हणाले, ‘‘सवय नव्हती त्यालाही कुठे लगेच कळतं?’’ आणि वर्ग पुढे गेला. संपूर्ण पुस्तकात मला सर्वांत जास्त विश्वास बसला तो या साक्षीवर, आणि ती न मानणाऱ्याची होती.

आजोबा लेथवर काम करून निवृत्त झालेले. ते यात्रेला जाऊन आलेत. बहाई यात्रा इस्रायलमधल्या हैफा आणि अक्का इथली, नऊ दिवसांची. नाव नोंदवायचं आणि पाळी यायची वाट बघायची. हैफाच्या डोंगरउतारावरच्या एकोणीस पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आणि बाबांच्या समाधीचा सोनेरी घुमट याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आजोबांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. ते बोलले अक्क्याच्या तुरुंगातल्या छताच्या झरोक्याबद्दल. बहाउल्लाह, मूळचे तेहरानच्या सरदार घराण्यातले, बगदाद, इस्तंबूल, एडिर्ने असं एकेका हद्दपारीतून १८६८ मध्ये कुटुंबासकट या तुरुंगात आणले गेले. तिथे १८७० मध्ये त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा मिर्झा मेहदी संध्याकाळी गच्चीवर प्रार्थना म्हणत फेऱ्या घालताना झरोक्यातून खाली पडला, एका लाकडी पेटीवर, आणि दुसऱ्या दिवशी गेला. आजोबा म्हणाले, ‘‘बाकीचे प्रार्थना करत होते. मी वर बघितलं, मग पेटी कुठे असेल ते खाली बघितलं. मनात माप घेत होतो. मला तेवढंच येतं.’’ यानंतर ट्यूटरांनीही घड्याळ बघितलं नाही.

तिसऱ्या भागात मृत्यू आहे, आणि इथे पुस्तकसुद्धा जरा वर येतं. आत्मा, देह, पुढचा प्रवास हे सगळं आहेच, पण वर्ग जिवंत झाला तो मृत्युपत्रावर. मृत्युपत्र करून ठेवणं बहाईंवर बंधनकारक आहे. दहन नाही, दफन. आणि मृत्यू जिथे झाला तिथून तासाभराच्या वाटेपलीकडे देह न्यायचा नाही. मृतासाठी एक खास प्रार्थना आहे, तिच्यातली सहा वचनं प्रत्येकी एकोणीस वेळा म्हणतात. ज्यांच्या घरी अग्नी देण्याची रीत आहे त्या बहाईला हे जिवंतपणी नातेवाइकांना पटवून ठेवावं लागतं. दारू सोडलेले ते गृहस्थ एके दिवशी मृत्युपत्राचा मसुदा घेऊन आले आणि मला म्हणाले, ‘‘ताई, जरा नजर टाका.’’ भाषा चांगली होती. साक्षीदारांच्या सह्यांना जागाच ठेवली नव्हती. मी ती आखून दिली. पहिला साक्षीदार म्हणून सही केली त्यांच्या थोरल्या भावाने. हा तोच, ज्याने घरी येणं बंद केलं होतं. ‘‘त्यांना हे पटलं?’’ ‘‘छे. म्हणाला, पटलेलं नाही, पण तू शुद्धीवर आहेस हे मी लिहून देऊ शकतो.’’ भावाचं नाव मी इथेही गाळते. त्यांचा नियम मला लागलेला दिसतोय.

आता खटकलेलं. सोडून गेलेल्यांच्या गोष्टी इथे मिळत नाहीत. राजीनामा देऊन बाहेर पडता येतं, तसे पडणारेही असतात, पण वर्गात ती खुर्ची रिकामीच. एकदा विचारलं तर ‘‘प्रत्येकाचा आपापला मार्ग’’ असं गोड उत्तर मिळालं. निंदा नको हे ठीक, पण निंदा टाळता टाळता माहितीही टाळली जाते. दुसरं, स्त्री-पुरुष समानता हे बहाईंचं ठळक तत्त्व. स्थानिक आणि राष्ट्रीय सभांवर बायका निवडून येतात. हैफातल्या सर्वोच्च संस्थेवर, विश्व न्याय मंदिराच्या नऊ जागांवर, १९६३ च्या पहिल्या निवडणुकीपासून फक्त पुरुष. कारण विचारलं. यामागचं शहाणपण पुढे स्पष्ट होईल असं अब्दुल-बहांनी म्हटलं आहे, असं उत्तर आलं. मैत्रिणीला एकटीला गाठून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, ‘‘मलाही टोचतं. टोचत असताना राहते आहे.’’ हे उत्तर वर्गात दिलं असतं तर मी आणखी अर्धा गुण वाढवला असता. समलिंगी संबंध धर्माला मान्य नाहीत. तो विषय तर निघालाच नाही, आणि कोणी काढावा असं वातावरणही नव्हतं. पक्षीय राजकारणात बहाई पडत नाहीत, त्यामुळे बातम्यांवर चर्चा शून्य. काहींना ही सोय वाटेल. मला कधीकधी घुसमट वाटली.

ज्यांना एवढी पुस्तकी बांधणी नको त्यांनी नुसत्या प्रार्थनासभेला जावं. हे लोक तिला डिव्होशनल म्हणतात. सगळ्यांना खुली असते, प्रवचन नसतं, वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनाही वाचतात, आणि कृष्ण, बुद्ध, जरथुष्ट्र, मोझेस, येशू, मुहम्मद हे सगळे एकाच देवाचे दूत मानल्यामुळे त्यात ओढूनताणून आणलेलं काही वाटत नाही. सभा संपल्यावर लगेच निघू नका. बोलणं तेव्हा सुरू होतं. दर एकोणीस दिवसांची बैठक, जिला ते फीस्ट म्हणतात, ती मात्र मुख्यतः त्यांची घरची असते. त्यातला सल्लामसलतीचा भाग बहाईंपुरताच.

गुण द्यायचेच तर: पुस्तकाला पाचात अडीच, ट्यूटरांना तीन, माणसांना साडेचार. अर्धा कापला तो ‘त्यांना वेळ लागला’ या वाक्यासाठी. दुसऱ्या पुस्तकाला येणार का असं विचारून झालंय. त्यात म्हणे लोकांच्या घरी जाऊन एखादा विषय मांडायचा असतो. मी कळवते म्हटलंय. घड्याळ भिंतीवरून उतरवणार असतील तर जाईन.